मूठभर धान्यावर संस्था उभी राहते

गावात संस्था काढणे सोपे असते, ती चालविणे अवघड. वाचनालय असो, महिला मंडळ असो की मुलींचे वसतिगृह, उद्घाटनाला सारे गाव जमते. पण तिसऱ्या वर्षी विजेचे बिल कोणी भरावयाचे, हा प्रश्न येतो आणि दाराला कुलूप लागते. नुकसान होते ते त्या दारातून शिकावयास येणाऱ्या मुलामुलींचे. तेव्हा वाचकहो, पैसा उभा करण्याच्या काही जुन्या, कसाला उतरलेल्या रीती पाहू.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालावयाचे, पण खेड्यात रोकड कोठून येणार? त्यांनी मुष्टिफंड सुरू केला. घरच्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे, एवढेच. ज्याच्याजवळ पैसा नव्हता, तोही त्यामुळे दाता झाला.

बुटीबोरीहून वर्ध्याच्या रस्त्याने जाताना पवनार लागते. तेथल्या विनोबांनी हीच कल्पना सर्वोदय पात्राच्या रूपाने मांडली. घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य पात्रात पडावे, म्हणजे देण्याची सवय बालपणीच लागते.

हिशेब करून पाहा. एक मूठ म्हणजे सुमारे 50 ग्रॅम धान्य. महिन्याला दीड किलो झाले. शंभर घरांनी मनावर घेतले, तर महिन्याला दीड क्विंटल, वर्षाला अठरा क्विंटल! आज घरी जाते नसेल, मिळवता माणूस बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला जात असेल, तर डब्यात रोज एक नाणे टाका. कापूसवाल्यांनी पहिल्या वेचणीचा ओटीभर कापूस द्यावा, संत्रावाल्यांनी बहराच्या वेळी एक पेटी. मालाचा गावातच लिलाव केला, की बोली चढते आणि मौजही होते.

दुसरी रीत कलेची. नागपूरहून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता बुटीबोरीवरून वरोऱ्याला जातो. तेथे बाबा आमटे यांनी 1949 साली आनंदवन सुरू केले. तेथल्या कुष्ठमुक्त आणि अपंग बंधुभगिनींनी आपल्या हातच्या वस्तू विकल्या. पुढे त्यांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद निघाला आणि गावोगावच्या कार्यक्रमांतून संस्थेला निधी मिळाला. रसिकांनी पैसे दिले ते दया म्हणून नव्हे, तर गाणे आवडले म्हणून. आपल्या गावातही भजनी मंडळ आहे, दंडारीतले कलावंत आहेत, पापड-लोणच्यात हात बसलेल्या भगिनी आहेत. त्यांना एकत्र आणा.

तिसरी वाट कारखान्यांची. 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले आहे, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या गावांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, साधारणतः तीन वर्षांचे काम दाखविता आले पाहिजे आणि हिशेब तपासलेला असावा. शिवाय साहेब बदलला की मदत आटू शकते. म्हणून कारखान्याच्या पैशाने इमारत बांधा, खोली वाढवा. रोजचा खर्च मात्र गावाच्या मुठीतूनच भागवा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मागण्यापूर्वी पैसा कशासाठी हवा, हे एका वाक्यात सांगा. रुपया दिला तरी पावती फाडा. दर महिन्याला जमाखर्च देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावा, आणि पेटीची किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे ठेवा. शेतकरी दुष्काळातही देतो, पण दिलेले कोठे गेले हे त्याला कळले पाहिजे. ज्या संस्थेचा हिशेब भिंतीवर असतो, तिच्या दाराला सहसा कुलूप लागत नाही.