लघवीतील साखर आणि रोगाचे नाव

लघवी तपासून आलेल्या माणसाच्या हाती कागद पडतो. त्यावर ‘साखर : आहे’ एवढेच शब्द असतात. घरी पोचेपर्यंत तो स्वतःला मधुमेही समजू लागतो आणि संध्याकाळी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. वास्तविक प्रयोगशाळेने मधुमेहाचे नावही घेतलेले नसते. नमुन्यात काय आढळले, एवढेच तिने सांगितलेले असते.

हा भेद रुग्णालयात नोंदी लिहिणाऱ्या कारकुनालाही पाळावा लागतो. त्याच्यापुढे रोगांची आंतरराष्ट्रीय यादी असते. तिचे मूळ मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. पॅरिसच्या जाक बेर्तियाँ यांनी ती १८९३ साली शिकागो येथे मांडली. १९४८ मध्ये हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूबरोबर आजारांचीही नोंद त्याच यादीत होऊ लागली. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली असली, तरी अनेक देशांतील रुग्णालये अद्याप दहावीच वापरतात.

या दहाव्या आवृत्तीत ‘आर’ या अक्षराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्यांच्यामागचा रोग अजून ठरलेला नाही, अशी लक्षणे आणि तपासणीतील दोष त्यात येतात. लघवीतील साखरेचा संकेतांक आर ८१. परंतु तीच साखर मधुमेहाची ठरली, तर प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या प्रकाराला ई ११ लागतो; आणि दोष केवळ मूत्रपिंडाचा निघाला, तर ई ७४.८.

मूत्रपिंडाचा दोष तो कसा? रक्तातून गाळली गेलेली साखर मूत्रपिंड परत शोषून घेते. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर साखर गेली की हे काम त्याला झेपत नाही आणि उरलेली लघवीत उतरते. काही माणसांत ही मर्यादा जन्मतःच कमी असते. त्यांचे रक्त निर्दोष, तरी लघवी गोड! गरोदरपणीही असे घडू शकते. अलीकडे तर मधुमेहाची काही औषधे मुद्दाम साखर लघवीवाटे बाहेर घालवतात. तेथे ही साखर औषध लागू पडल्याची खूणच होय.

साखरेच्या बाबतीत चूक झाली, तर फार तर चार दिवस चहा अळणी लागेल. परंतु गर्भाशयाच्या मुखावरील पेशींची तपासणी घ्या. पेशी वेगळ्या दिसल्या, तर नोंद आर ८७.६. कर्करोगाचा संकेतांक सी ५३. या दोहोंमध्ये पुढच्या तपासण्यांचे बरेच अंतर आहे. कारकुनाने घाईने दुसरा आकडा टाकला, तर निरोगी बाईच्या कागदपत्रांत कर्करोग शिरतो. उलट, निदान पक्के झाल्यावरही पहिलाच आकडा राहिला, तर खरी रोगी गणतीतून निसटते. म्हणून नुसता प्रयोगशाळेचा कागद वाचून कारकुनाने रोग लिहावयाचा नसतो. शंका आल्यास कागद डॉक्टरांकडे परत पाठवावयाचा.

आपल्या पहिल्या गृहस्थाचे काय? त्याचे उपाशीपोटीचे रक्त तपासावे लागेल. शंभर मिलिलिटरमध्ये १२६ मिलिग्रॅम वा अधिक साखर निघाली आणि फेरतपासणीतही तसेच दिसले, तर मधुमेह. तोवर त्याच्या नावापुढे आर ८१, आणि डबा फळीवरच.