नटाला नटच खिंडीत गाठतो!

‘भूमिकेची तयारी कशी केलीत?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक नटाला तोंडपाठ असतं. समोर दुसरा नट बसला की मात्र पंचाईत! त्याला सगळ्या युक्त्या ठाऊक. ‘व्हरायटी’ने २०१४ मध्ये ‘अ‍ॅक्टर्स ऑन अ‍ॅक्टर्स’ सुरू केलं ते यावरच. दोन नट, दोन खुर्च्या, आम्हा पत्रकारांना सुट्टी. (एकमेकांचं कौतुक जरा जास्तच होतं, ते सोडा.)

खरी झाडाझडती हवी तर २०१६चा ‘नटसम्राट’ सिनेमा बघा. नाना पाटेकरांच्या गणपतरावांना विक्रम गोखलेंचा रामभाऊ तोंडावर सुनावतो. जुना दोस्त, तोही नट. दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकलं असतं? आणि हॉस्पिटलात दोघांचा कर्ण-कृष्णाचा प्रवेश रंगतो, तेव्हा वेगळ्या गप्पा लागतच नाहीत. गोखले २०२२ मध्ये गेले. आज जेवणानंतर तो सीन पुन्हा लावा, मोबाइल सायलेंटवर टाकून.