माजघर, गॅलरी आणि दुसरी खोली

मूल आईवडिलांच्या खोलीतून कधी हलवावं, हा प्रश्न पडायला आधी आईवडिलांना खोली असावी लागते. आपल्याकडे ती सरसकट नव्हती. वाड्यात बायका आणि लेकरं माजघरात निजत, पुरुष ओटीवर नाहीतर पडवीत. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पाळणा सुरुवातीचे महिने आजोळच्या आढ्याला टांगलेला. बाप त्या घरात पाहुणा. पुढे मुंबईत बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत दोन-तीन पिढ्या राहिल्या. तिथे कुणाला बाहेर पाठवायचंच झालं तर पुरुषांच्या वळकट्या गॅलरीत जात. मूल आतच राही.

तरी मूल आईपासून सुटत होतंच. पाठचं भावंडं आलं की थोरल्याची रवानगी आजीच्या गोधडीत होई. तिथून काही वर्षांनी चुलत-आते भावंडांच्या रांगेत. खोली तीच, फक्त शेजारचं माणूस बदलायचं. हे सुटणं सगळ्यांना सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. नव्या बाळाच्या आगमनाच्या दिवशीच कुशीतून उठवलं गेल्याचा सल साठीतही न गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण रात्री जाग आली तर हाताला कुणीतरी लागे.

युरोप-अमेरिकेत वाट वेगळी पडली. झोपेत आईच्या अंगाखाली मूल दडपण्याची भीती तिथे शतकानुशतकांची. एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू घरांत मुलांची स्वतंत्र खोली आली आणि मग शास्त्राचा आधार. ल्यूथर एमेट होल्ट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाचं १८९४ चं संगोपनावरचं पुस्तक बाळाला झोके देऊन झोपवण्याच्याही विरुद्ध होतं. १९९२ साली गिल्डा मोरेली, बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मध्यमवर्गीय आया आणि ग्वाटेमालातल्या माया आया यांची तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकन बाळं बहुतेक सहा महिन्यांच्या आत वेगळ्या खोलीत गेली होती. हे ऐकून माया आयांना धक्का बसला, त्या बाळांची कीवही आली.

मला त्याहून जवळचा वाटतो तो रिचर्ड श्वेडर यांचा १९९५ चा अभ्यास, कारण त्याची एक बाजू भुवनेश्वरची आहे. आईवडील, तीन मुलगे, दोन मुली. यांना खोल्यांत कसं वाटाल, असं कोडं त्यांनी शिकागोत आणि भुवनेश्वरात घातलं. शिकागोकरांच्या मनात नवराबायकोची खोली आधी पक्की झालेली होती. ओडिया उत्तरांमागे वयात आलेल्या मुलीची काळजी होती, थोरल्या-धाकट्याचा मान होता, आणि लहानग्याला एकटं ठेवायचं नाही हे होतं. माजघरात वाढलेल्या कुठल्याही मराठी बाईने यापेक्षा फार वेगळं उत्तर दिलं नसतं.

आता वैद्यकाचं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं की बाळ किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर, आईवडिलांच्याच खोलीत असावं, पण वेगळ्या अंथरुणावर. २०२२ च्या सुधारित शिफारशीतही किमान सहा महिने कायम आहेत. झोपेतले अकस्मात मृत्यू मुख्यतः याच काळात होतात. म्हणजे तान्ह्याला लवकर वेगळं करा, असं आजचं पाश्चात्त्य वैद्यकही म्हणत नाही. मात्र जड रजई, मऊ उशा आणि सोफ्यावर बाळाला घेऊन लागलेली डुलकी यांविषयीचा त्यांचा इशारा आपणही निमूट ऐकावा.

माझ्या भाचीची मुलगी साडेचार वर्षांची. पुण्यात दोन बेडरूमचं घर, आजी-आजोबा दोन्ही बाजूंचे गावी. ‘मावशी, पुस्तकात लिहिलंय, रडली तरी लगेच जायचं नाही,’ भाची म्हणाली. हा सल्ला रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकामुळे जगभर पसरला. त्यातलं निरीक्षण खरं आहे. प्रत्येकाला रात्रीतून अनेकदा पुसटशी जाग येते, आणि झोप लागताना जे जवळ होतं ते मूल तेव्हा चाचपतं. आईचा हात धरून झोपलेलं मूल हातच शोधणार. पण खुद्द फर्बर यांनी २००६ च्या आवृत्तीत एकत्र झोपण्याला असलेला विरोध बराच सैल केला, हे भाचीच्या पुस्तकात नव्हतं.

मी तिला सांगितलं, आधी महिनाभर दुपारची झोप त्या खोलीत होऊ दे. मग तूच तिथे गादी टाकून झोप. मग गादी दाराशी ने, मग दाराबाहेर. दार उघडं, दिवा मंद. शाळा बदलली किंवा बाळ येणार असलं की हा उद्योग करू नकोस. भाची म्हणाली, ‘अगं, एवढ्या रात्री जागून सकाळी नऊला ऑफिस कसं गाठू?’ तिचं बरोबर होतं. पुस्तकातल्या सक्तीला बळ मिळतं ते या थकव्यातून. आजीच्या गोधडीत रात्री कुणाला तरी जागावं लागे, फक्त तिला सकाळची लोकल पकडायची नसे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. पाचशे चौरस फूट, दोन बेडरूम. तिथल्या कितीतरी घरांत ही पहिलीच ‘दुसरी खोली’ असेल. ती मुलांना द्यायची की आजीला, की दोघांना मिळून, हे आता त्या घरांत ठरत असेल.