एकच द्राक्ष, गावोगावची चव

चिन्नोर तांदूळ शिजायला लागला की बालाघाटच्या माणसाला भांड्यावरचं झाकण उचलावं लागत नाही, वासावरूनच कळतं. हेच बी दुसऱ्या मातीत, दुसऱ्या पाण्यावर लावलं तर तो वास तसाच उतरेल याची खात्री नाही. म्हणून तर २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं. शार्डोने नावाच्या पांढऱ्या वाइनची गोष्टही अशीच आहे. ही काही पिण्याची शिफारस नव्हे. मला कुतूहल आहे ते चवीचं.

शार्डोने हे मूळचं फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं हिरवट-पिवळं द्राक्ष. त्याची स्वतःची चव तशी सौम्य. त्यामुळे जिथे पिकतं तिथलं हवामान आणि वाइन करणाऱ्याचा हात, दोन्ही त्यात स्पष्ट उतरतात.

बर्गंडीच्या उत्तरेला शाब्ली आहे. थंड हवा, चुनखडीची जमीन आणि त्या जमिनीत प्राचीन समुद्रातल्या शिंपल्यांचे अवशेष. थंडीत द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो. वाइन बहुतेक स्टीलच्या टाक्यांत करतात. चव हिरव्या सफरचंदाची, लिंबाची, एकदम स्वच्छ.

थोडं दक्षिणेला मर्सो आणि प्युलिनी-मॉन्त्राशे ही गावं लागतात. द्राक्ष तेच, पण वाइन ओकच्या लाकडी पिंपांत मुरते. लाकडातून व्हॅनिलाचा, भाजलेल्या सुक्या मेव्याचा वास येतो. शिवाय जिवाणू तिच्यातल्या सफरचंदी आम्लाचं दह्यात असतं त्या मऊ आम्लात रूपांतर करतात. या प्रक्रियेत डायअॅसिटिल नावाचं द्रव्य तयार होतं. आपल्या घरच्या लोण्याच्या वासातही तेच असतं. कुणी 'या शार्डोनेला लोण्याचा वास आहे' असं म्हटलं तर ती नुसती ऐट नसते, त्यामागे रसायनशास्त्र असतं.

कॅलिफोर्नियाच्या उन्हात द्राक्ष जास्त पिकतं, मग अननस, पिकलेलं पीच अशा चवी येतात. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून वाइन चाखल्या, तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियातल्या शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने. आपल्या गावचं तेच श्रेष्ठ, या समजाला त्या दिवशी चांगलाच धक्का बसला.

महाराष्ट्रात नाशिकची ओळख जास्त शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँची. शार्डोने पाहायची तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे जावं. तिथे फ्रातेली ती बनवते. युरोपात द्राक्षं शरद ऋतूच्या तोंडावर काढतात; आपल्याकडे पावसाळा संपताना छाटणी करून थंडी ते उन्हाळ्याची चाहूल या काळात तोडणी होते. ऊन वाढलं की साखर वाढते आणि आंबटपणा झपाट्याने उतरतो. म्हणून तोडणीचा दिवस नेमका साधावा लागतो. रात्रीचा गारवा इथे फार मोलाचा.

दोन शैलींतला फरक कळायला मोठा अभ्यास लागत नाही. बिनओकची शार्डोने चांगली गार असावी, आठ-दहा अंशांवर. तळलेल्या मासळीसोबत तिचा आंबटपणा लिंबाचं काम करतो. ओकमध्ये मुरलेली थोडी कमी गार. मलईदार रश्शासोबत ती जुळते. फार तिखटापुढे दोन्ही हरतात.

हे सगळं वाचत गेलो तसं माझं मन किरनापूरच्या मोहाकडे वळलं. चैत्राच्या आगेमागे पहाटे मोहफुलं गळतात आणि बायका-पोरं ऊन चढायच्या आत ती वेचतात. फुलं जाळीवर पडली की स्वच्छ राहतात, जमिनीवर पडली की त्यांना माती लागते. वाळवण नीट झालं नाही तर बुरशीचा वास येतो. पुढे भट्टीच्या धुराचा अंशही दारूत उतरतो. माती, हवा, हात: शार्डोनेला घडवणाऱ्या याच तर गोष्टी.

फरक आहे तो नावाचा. मर्सोच्या बाटलीवर गावाचं नाव असतं आणि त्या नावाचे पैसे मिळतात. आपल्याकडे फुलं वेचणाऱ्या बाईला किलोचा भाव मिळतो. फूल कुठल्या गावचं, किती स्वच्छ वेचलं, हे पुढे कुणी विचारत नाही. इंग्रजांनी तर १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदाच केला होता. आता वारं थोडं बदलतंय. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशानेही मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान दिला आणि आदिवासी बचत गटांना ती बनवायची वाट मोकळी केली.

नाव मिळायचं तर आधी चव शब्दांत पकडावी लागते. फ्रेंचांनी ते काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. आपल्या मंडळात ज्यांच्या आजी-आत्यांनी मोह वेचला असेल, त्यांनी एवढं तरी विचारून लिहून ठेवावं: कोणत्या झाडाचं फूल जास्त गोड, कोणत्या वर्षी वास वेगळा आला आणि का. ही माहिती अजून फक्त त्यांच्या जिभेवर आहे.