दोन डिस्क घ्या, पण जुळ्या नकोत

मिररिंग, म्हणजेच रेड वन: एकच डेटा एकाच वेळी दोन हार्ड डिस्कवर. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. हेच ऐकून मी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या दोन डिस्क उचलल्या. सिरीयल नंबरसुद्धा लागोपाठचे! तीन वर्षांनी एक बंद पडली. नवीन लावली, कॉपी सुरू झाली आणि अर्ध्यावरच दुसरीनंही मान टाकली. ताईच्या लग्नाचे फोटो त्यातच होते.

असं का झालं? दोघी एकाच लॉटच्या, तेवढेच तास फिरलेल्या. एकीत जो दोष, तो दुसरीतही असू शकतो. त्यात नवी डिस्क भरायची तर जुनी अख्खी वाचावी लागते. ४ टीबीची असेल तर सेकंदाला १५० एमबीनं सुद्धा सात तासांच्या वर. म्हणजे थकलेल्या डिस्कला नेमकी तेव्हाच मॅरेथॉन. म्हणून साइझ सारखी घ्या, नाहीतर लहान डिस्कएवढीच जागा मिळते. पण कंपनी, निदान लॉट तरी वेगळा हवा.

आणि डेटाशीटमध्ये बघा, सीएमआर आहे की एसएमआर. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे रिबिल्ड रखडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं, की नॅससाठी विकलेल्या त्यांच्या काही रेड डिस्क एसएमआर होत्या. सीएमआरच घ्या.

बाकी चुकून डिलीट केलेलं मिररमध्ये दोन्हीकडून जातं, बरं का. माझी तिसरी कॉपी आता ताईच्या कपाटात असते.