सार्जंटचा डावा हात आणि आपल्या लेकींचा नेम

एका रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील झाले, खीर वाटून झाली आणि माणसे पांगू लागली. आमच्या बदनापूरच्या वस्तीतले गवंडीकाम करणारे एक बांधव मात्र तसेच उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, जरा बोलायचं होतं." त्यांची मुलगी कॉलेजात शिकते, एन.सी.सी.मध्ये आहे. नेमबाजीच्या शिबिरासाठी तिचे नाव निघाले होते आणि पालकाच्या सहीचा कागद तीन दिवसांपासून घरात पडून होता.

"सही करावी का न्हाई, काही समजंना. एक तर आपण बुद्धाची माणसं. आपल्या पोरीनं बंदूक हातात धरावी का? आन् दुसरं, हा खेळ राजेरजवाड्यांचा. गवंड्याच्या पोरीला तिथं कोण उभं करतंय?"

दोन्ही प्रश्न खरे होते. उडवून लावण्यासारखा एकही नव्हता. आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी हेच प्रश्न उभे राहतात. कधी बंदुकीच्या निमित्ताने, कधी पोहण्याच्या, कधी नुसत्या सहलीच्या निमित्ताने. मी त्यांना विहाराच्या ओट्यावर बसवले आणि हंगेरी देशातल्या एका सार्जंटची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

हुद्दा आडवा आला

कारोय ताकाच हे त्याचे नाव. जन्म १९१० सालचा, बुडापेस्ट शहरातला. तो हंगेरीच्या सैन्यात होता आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत त्याची गणना उत्तम नेमबाजांत होत होती. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. ताकाचची निवड व्हायला हवी होती; पण झाली नाही. कारण काय? तो सार्जंट होता, आपल्याकडच्या हवालदारासारखा. आणि त्या वेळी हंगेरीच्या सैन्यातून स्पर्धेला फक्त सनदी अधिकाऱ्यांनाच पाठवीत. त्याचा नेम कमी पडला नव्हता. कमी पडला होता तो हुद्दा!

वाचकहो, हे ऐकून आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. हा अनुभव आपल्या पूर्वजांनी पचवलेला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या रणात महार शिपायांनी आपले शौर्य सिद्ध केले. तरी पुढे १८९२च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. म्हणे, या जाती लढवय्या नव्हेत! निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या, शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे तोच लढा चालवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली आणि गरज सरताच ती मोडून टाकली. अखेर दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ मध्ये तीच रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. ज्यांना "लढवय्ये नाहीत" म्हणून घरी बसवले होते, त्यांच्याच हाती सैन्याच्या मशीनगन आल्या.

तेव्हा नेम चांगला असून भागत नाही. बंदुकीपर्यंत पोचण्याची वाट मोकळी असावी लागते. ही गोष्ट सुभेदार रामजींच्या मुलाला जेवढी कळली होती, तेवढी दुसऱ्या कुणाला कळली असेल?

उजवा हात गेला

ताकाचच्या बाबतीत पुढे तो नियम शिथिल झाला. आता १९४०च्या ऑलिंपिकला जायचे, असे त्याने मनाशी धरले. पण १९३८ साली सैन्याच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हाताने तो नेम धरायचा, तोच हात निकामी झाला.

महिनाभर तो दवाखान्यात होता. बाहेर आल्यावर त्याने कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. ज्याने जन्मभर उजव्या हाताने लिहिले आहे त्याने डाव्या हाताने आपले नाव लिहून पाहावे, म्हणजे हे काम कसले होते ते कळेल. १९३९ साली हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो आला, तेव्हा लोकांना वाटले, बिचारा पाहायला आला असेल. तो खेळायला आला होता. डाव्या हाताने खेळला आणि जिंकला!

पण नशिबापुढे, किंवा खरे बोलायचे तर माणसांनी पेटवलेल्या युद्धापुढे, त्याचे काही चालले नाही. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिक महायुद्धामुळे झालीच नाहीत.

शेवटी १९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्याचा प्रकार होता २५ मीटरवरून झटपट पिस्तूल नेमबाजी. यात पाच लक्ष्ये ओळीने उभी असतात. ती एकदम समोर वळतात आणि ठरावीक वेळात पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडायची असते. आधी ८ सेकंदांत, मग ६ सेकंदांत आणि शेवटी अवघ्या ४ सेकंदांत. चार सेकंदांत आपण साधा शर्टाचा एक गुंडाही नीट लावत नाही! अशा एकूण ६० गोळ्या.

अर्जेंटिनाचा दियाझ साएन्झ व्हालिएन्ते हा त्या वेळचा जगज्जेता होता. असे सांगतात की, स्पर्धेआधी त्याने ताकाचला विचारले, तुम्ही इथे कसे? ताकाच म्हणाला, शिकायला आलोय. स्पर्धा झाली. ताकाचने ६०० पैकी ५८० गुण मिळवून जागतिक विक्रम केला आणि सुवर्णपदक घेतले. जगज्जेता दुसरा आला. तेव्हा तोच म्हणाला म्हणे, तुम्ही पुरेसे शिकलात!

तो ऑगस्ट १९४८चा महिना होता. लंडनला हे चालले होते तेव्हा आपले बदनापूर अजून निजामाच्या राज्यात होते, रझाकारांच्या धास्तीत होते. मराठवाडा मुक्त झाला तो त्यानंतर, १७ सप्टेंबरला. एखाद्या दलिताच्या पोरीने सरकारी रायफल हाती घेऊन मैदानात आडवे पडावे, ही कल्पनाही तेव्हा इथे कुणी केली नसती. पण त्याच वर्षी दिल्लीत एन.सी.सी.चा कायदा झाला आणि १९४९ मध्ये त्यात मुलींचा विभाग निघाला. आज गवंड्याच्या घरात जो कागद आला आहे, त्याची सुरुवात तिथली आहे.

हेलसिंकी ते पॅरिस

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ताकाच पुन्हा उतरला. या वेळी ५७९ गुण. दुसरा आला त्याच्याच देशाचा सिलार्ड कुन, ५७८ गुणांवर. एका गुणाने सुवर्ण! या प्रकारात लागोपाठ दोनदा ऑलिंपिक सुवर्ण घेणारा ताकाच हा पहिला नेमबाज ठरला.

याच हेलसिंकीला भारताचे नेमबाज ऑलिंपिकच्या मैदानात दिसले. त्याआधी एकच वर्ष, १९५१ मध्ये, भारताची राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. हा माणूस घराण्याने कोकणातला मराठी, कर्मभूमी अहमदाबाद. पेशाने वकील. नेमबाजी हा शिकाऱ्यांचा शौक न राहता नागरिकांचा खेळ व्हावा, या दिशेने टाकलेले ते पाऊल होते. नेमबाजीची एक अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने भरत आली आहे.

आणि याच हेलसिंकीला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती, हेही आपण विसरू नये.

नेमबाजी मात्र बराच काळ राजवाड्यातच राहिली. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. ते पाच ऑलिंपिक खेळले. पण राजाला बंदूक जवळ होती, काडतुसे होती, मोकळे रान होते. इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले होते आणि गरिबाला तर काठीपलीकडे शस्त्र ठाऊक नव्हते. मग पदके राजांनी मिळवली यात आश्चर्य कसले?

चित्र पालटायला फार वर्षे लागली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रकारात जागतिक सुवर्णपदक मिळवले. मग १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्नील कुसाळे या तरुणाने ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुणांनी ऑलिंपिक कांस्यपदक घेतले. राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्याचे गाव. वडील शिक्षक, पोराच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढले. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी, आणि ते एका रेल्वे कर्मचाऱ्याला, नेमबाजीत मिळाले.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हा खेळ राजेरजवाड्यांचा होता. आता राहिलेला नाही. पण गरिबाच्या पोराला तो आपोआप मिळत नाही. सरकारी प्रबोधिनी, एन.सी.सी., नोकरी अशी एखादी शिडी लागते. ती शिडी दारात आली असताना ती परत पाठवायची का?

बुद्धाची लेक आणि बंदूक

आता पहिला प्रश्न. तो अधिक महत्त्वाचा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या लग्नाची हकीगत दिली आहे. यशोधरेच्या वडिलांनी नेमबाजीची स्पर्धा ठेवली होती. सिद्धार्थ आधी तयार नव्हता. मग उतरला आणि सर्वांत सरस ठरला. पुढे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्धाची वेळ आली, तेव्हा याच सिद्धार्थाने युद्धाला भर सभेत विरोध केला आणि त्यासाठी घर सोडण्याची शिक्षा पत्करली. ज्याला नेम धरता येत नव्हता त्याचा हा नकार नव्हे. ज्याचा नेम सर्वांत अचूक होता, त्याचा हा नकार आहे. दुबळ्याच्या अहिंसेत आणि समर्थाच्या अहिंसेत हा फरक असतो.

बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे समजावून सांगितले आहे. जीव घेण्याची इच्छा मनात नसणे, हे त्यातले मर्म. आता पाहा, खेळातल्या नेमबाजीत जीव कुणाचा जातो? समोर कागद असतो. दहा मीटरच्या एअर रायफल प्रकारात त्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या टोकाएवढा. त्या ठिपक्यावर राग धरून चालत नाही. राग आला की हात हलतो. भीती वाटली की श्वास वाढतो. श्वास सोडावा, अर्ध्यावर थांबावा, मन एका जागी आणावे आणि चाप हळूच दाबावा, असे हे शास्त्र आहे. विहारात बसून आपण श्वासावर लक्ष ठेवतो, ते आणि हे अगदीच वेगळे नाही. सम्यक समाधीची ओळख ज्याला आहे, त्याला हा खेळ परका वाटू नये.

आपण काय करावे?

नुसत्या गोष्टी सांगून लेख संपवणे मला बरे वाटत नाही. म्हणून चार शब्द कामाचे.

मुलगा किंवा मुलगी एन.सी.सी.ला जाते म्हणाली तर अडवू नका. तिथे पॉइंट टू-टू रायफलवर सराव होतो, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होतो. बंदुकीचे तोंड कधीही माणसाकडे न्यायचे नाही, हा पहिला धडा असतो.

दहा मीटरच्या एअर रायफलला मोठे मैदान लागत नाही. ठरावीक ताकदीच्या आतल्या अशा रायफलला शस्त्रपरवानाही लागत नाही. एखादी लांब खोली, मागे गोळी अडवणारी पक्की भिंत, जाणता प्रशिक्षक आणि शिस्त एवढे लागते. तालुक्याच्या शाळा-कॉलेजांनी मनावर घेतले तर हे होण्यासारखे आहे. पालकसभेत आपण तोंड उघडून मागणी केली पाहिजे.

आणि तिसरे. भीमजयंतीला आपण वर्गणी काढतो. त्यातले बरेच पैसे एका रात्रीत डी.जे.च्या भिंतीपुढे उडून जातात. हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला ती वही पाहताना दुःख होते. त्यातला एक हिस्सा खेळाच्या साहित्यासाठी काढून ठेवला, तर पाच वर्षांत वस्तीतली दहा पोरे स्पर्धेपर्यंत जातील. शिका हा बाबासाहेबांचा आदेश फक्त पुस्तकापुरता नाही.

ओट्यावर आमचे बोलणे संपले तेव्हा अंधार पडला होता. ते बांधव बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत होते. सिमेंटने तळव्यांना भेगा पडल्या होत्या. मग म्हणाले, "भाऊ, त्या सार्जंटानं डाव्या हातानं केलं. माझ्या पोरीचे तर दोन्ही हात शाबूत हायेत."

सोमवारी सकाळी त्यांनी कागदावर सही केली. मुलगी शिबिराला गेली. तिला पदक मिळेल की नाही, हा पुढचा प्रश्न आहे. पण तिचा नेम कसा आहे, हे आता तिच्या नेमावरूनच ठरेल. बापाच्या थापीवरून आणि आडनावावरून नव्हे. आपल्या चळवळीने मागितले ते एवढेच होते.

जयभीम!