चेंडू उचलायचा नसतो

गोल्फमध्ये कधीकधी होल दहा-बारा पावलांवर असतो, पण मध्ये वाळूचा बंकर आडवा येतो. अशा वेळी चेंडू उंच चढून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, अलगद उतरायला आणि तिथेच थांबायला हवा. या फटक्याला लॉब किंवा फ्लॉप शॉट म्हणतात. नवशिके मनगटं झटकून चेंडू उचलायला जातात आणि फसतात: क्लब आधी जमिनीला लागतो, नाहीतर त्याची धार चेंडूच्या मध्यावर बसून चेंडू ग्रीनपलीकडे सुसाट जातो. खरं तर उंची देणं हे हातांचं काम नाही, ते पात्याचं. लॉब वेज या क्लबचं पातं सुमारे ६० अंश कललेलं असतं. ते आणखी उघडलं, म्हणजे आकाशाकडे वळवलं, की वेगाचा मोठा भाग चेंडू वर चढण्यात जातो, आणि उभा उतरलेला चेंडू फारसा घरंगळत नाही. पात्याचा फुगीर तळ जमिनीत न रुतता गवतावरून सरकतो. गोल्फपटू जीन साराझेन यांनी असाच जड तळाचा सँड वेज घडवला आणि १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली.

उघड्या पात्यानं मोठा स्विंग घेण्याची भीती वाटते. छोटा, हळू फटका सुरक्षित नाही का? नाही. वेग उंचीत खर्च होत असल्यानं हळू मारलेला चेंडू बंकरमध्येच पडतो आणि ऐन वेळी हात आखडला की फटका बिघडतो. भीतीत तथ्य आहे ते जमिनीपुरतं. टणक जागेवर तोच फुगीर तळ उसळतो आणि धार चेंडूवर आदळते. म्हणून चेंडू गवतावर तरंगत असेल तरच हा फटका घ्यावा. उन्हाळ्यात वाळून कडक झालेल्या काळ्या मातीवर, किंवा वाटेत अडथळा नसताना, चेंडू जमिनीलगत घरंगळवणंच शहाणपणाचं.

पाणीटंचाई सोसलेले लातूरकर विचारतील, पाणी पिणाऱ्या या श्रीमंती खेळाशी आमचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे गोल्फच्या मैदानासाठी पाणी मागणं चूकच. पण त्यासाठी खेळच नाकारायची गरज नाही. पुण्याचे गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले; ही वाट मराठी मुलांना बंद नाही. लॉबच्या सरावाला अठरा होलचं मैदान लागत नाही. माणसांपासून दूर असलेला गवताचा तुकडा, एक वेज आणि थोडे चेंडू पुरतात. मात्र नुसती घोकंपट्टी उपयोगाची नाही. मुलांना आधी जमीन वाचायला शिकवावं, मग पात्यावर विश्वास ठेवायला, आणि उंच फटका सर्वांत शेवटी. कारण तो कधी मारू नये हे कळल्याशिवाय तो आला असं म्हणता येत नाही.